पिशव्या कोण सांभाळणार?

"काकू, कढीपत्त्याची एक काडी तोडू का?"

"दोन तोड. पण कढीपत्त्यासाठी तू आलेली नाहीस. नाशिकची मंडळी उतरल्यापासून तुमच्याकडे रात्री अकरा-अकरापर्यंत दिवे चालू असतात. काय शिजतंय?"

कल्याणच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत आता दोनच बैठी घरं उरलीत, आमचं आणि काकूंचं. मधली भिंत कमरेएवढी. आजूबाजूला सात-सात मजले चढले. तिथल्या बायका लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघून हसतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. आमच्याकडे मात्र कुठलाही बेत आधी भिंतीवर पास व्हावा लागतो. काकू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, त्यांचे मिस्टर नाना रेल्वेतून. त्यामुळे बेताची तोंडी परीक्षाही होते आणि वेळापत्रकही लागतं.

"इमॅजिकाला जायचं घाटतंय. खोपोलीला."

"ते सिनेमावाल्यांचं?"

"तेच. मिस्टर इंडिया आहे, अलिबाबा आहे, डायनोसॉर आहे. पोरांनी मोबाइलवर सगळे व्हिडिओ बघून झालेत. आता फक्त जायचं बाकी आहे."

"कोण कोण?"

"आम्ही चौघं, नणंद, तिचे मिस्टर, त्यांचा सोनू आणि सासूबाई."

"म्हणजे आठ. पिशव्या कोण सांभाळणार?"

मी काडीची पानं ओरबाडत राहिले.

"अगं, आठ माणसं म्हणजे पाण्याच्या बाटल्या आल्या, सोनूचे बदलायचे कपडे आले, सासूबाईंच्या गोळ्या, टोप्या, गॉगल, जावयांचा तो भलामोठा कॅमेरा. राइडमध्ये बसताना हे सगळं कुणाच्या तरी मांडीवर येतं. कुणाच्या, ते आधी ठरवा. बाकीचं नंतर."

"बघू की तिथे गेल्यावर."

"'बघू' म्हणजे तू."

तेवढ्यात आमचा चिनू मागच्या दारातून ओरडत आला, "आई, अजून दोनच बोटं कमी आहेत!" आणि आला तसा पळाला. काकूंनी भुवया उंचावल्या. मग मला सगळं सांगावंच लागलं. चिनूला नायट्रोत बसायचंय. तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर तो, १३२ फूट उंच, ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा माणूस उलटा होतो आणि पायाखाली फळीसुद्धा नाही, पाय अधांतरी. स्विस कंपनीनं बनवलाय. पण दाराशी उंचीची पट्टी असते, त्या खुणेला डोकं लागलं तरच आत. म्हणून चार दिवस स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतोय. डोक्यावर आडवी फूटपट्टी, मागे पेन्सिलीची रेघ. आज सकाळी रेघ एकदम वर गेली म्हणून मी खाली बघितलं, तर पठ्ठ्यानं बुटात मोज्यांच्या घड्या कोंबल्या होत्या. टाचा बाहेर आलेल्या आणि चेहरा मात्र अगदी साळसूद.

"त्याला माझ्याकडे पाठव," काकू म्हणाल्या. "ती पट्टी काय कुणाचा पाणउतारा करायला लावलेली नसते. खांद्यावरून जो दांडा खाली येतो ना, तो ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो. अंग लहान असलं की दांडा आणि छाती यांच्यामध्ये जागा राहते. गाडी उलटी झाली की मोजे धरून ठेवणार आहेत का त्याला?"

"मी सांगून दमले."

"आयांचं ऐकत नाहीत. बाईंचं ऐकतात."

मग त्यांचा आवाज जरा खाली आला. म्हणजे आता पलीकडच्या बिल्डिंगची बातमी येणार.

"तुला सांगते, त्या 'बी' विंगवाल्यांचं काय झालं माहितीय ना? मे महिन्यात कुठल्याशा पार्कात गेले होते. लहान मुलांचं तिकीट वयावर नसतं हल्ली, उंचीवर असतं. तर बाईसाहेबांनी तिकिटाच्या खिडकीशी पोराला सांगितलं, जरा वाक. पोरगं वाकलं. अर्धं तिकीट मिळालं, सगळे खूश. मग पाळण्याच्या रांगेत उभे, तर तिथे सांगितलं, आता ताठ उभा राहा. तिथल्या माणसानं हातातलं लहान मुलाचं मनगटी बँड बघितलं, पोराकडे बघितलं, आईकडे बघितलं."

"मग?"

"मग काय? पोरगंच म्हणालं, 'काका, आता वाकू की ताठ राहू?' सगळी रांग हसली. बापानं जाऊन फरक भरला. चारशे रुपये वाचवायला गेले आणि पोराला काय शिकवून आले बघ."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोरानंच. दूध आणायला आला होता तेव्हा."

इतक्यात नाना पेपर घेऊन ओट्यावर आले. त्यांनी दोनच शब्द ऐकले, 'खोपोली' आणि 'जायचं'. तेवढे त्यांना पुरतात.

"खोपोली म्हणजे लोकल. दुसरा विचारच करायचा नाही. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत. मग पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. सकाळच्या गाडीला उलट्या दिशेला गर्दी नसते. खिडकी मिळते. कर्जतला दिवाडकरांचा वडा."

"आणि ती गाडी चुकली तर?" काकूंनी विचारलं.

"चुकायची कशाला?"

"कारण खोपोलीच्या गाड्या मोजक्या. कर्जतच्या पुढे एकेरी रूळ. एक चुकली की कर्जतच्या फलाटावर बसा मुलांना पाढे म्हणायला लावत. आणि उतरल्यावर पार्क काय स्टेशनला लागून आहे? आठ माणसांच्या तीन रिक्षा. संध्याकाळी थकलेली पोरं, परत तीन रिक्षा."

नाना हरले तर इतिहासात शिरतात. "अगं, लोक त्या खोपोलीला उतरून पुढे पालखीनं गेलेत! कल्याणला गाडी आली १८५४ साली. खोपोलीला १८५६ साली. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत वेगळी लाइन टाकली. मध्ये हा अख्खा बोरघाट. १८६३ साली घाटातले रूळ सुरू होईपर्यंत माणसं खोपोलीला उतरायची, पालखीत नाही तर तट्टावर बसून घाट चढायची आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची. बायका-पोरं, ट्रंका, सगळं घेऊन."

"त्यांच्या ट्रंका कुणी उचलल्या ते नाही लिहून ठेवलं कुणी," काकू म्हणाल्या.

रस्त्याचा प्रश्न मी काढला. नणंदेच्या मिस्टरांचं म्हणणं, ट्रॅव्हलर ठरवायची, शीळफाट्यावरून कळंबोली, तिथून द्रुतगती मार्ग, खोपोलीला बाहेर पडायचं की पालीचा रस्ता. नाशिकच्या माणसाला नकाशावर ते सरळ दिसतं. कल्याणच्या माणसाला पत्रीपूल, टाटा पॉवर, मानपाडा, काटई, पलावा दिसतं. सकाळी सातनंतर त्या रस्त्याला लागलं की पोरं पहिली राइड तिथेच संपवतात. काकूंचं मत बदलापूर-वांगणी-नेरळ-कर्जतकडून जायचं. रस्ता अरुंद, पण डोंगर दिसतात, माथेरान डाव्या-उजव्या हाताला वळत राहतं आणि मुलांना उलटी झाली तर गाडी थांबवायला जागा असते. शेवटी ठरलं, जाताना पहाटे शीळफाटा, येताना कर्जत. पहाटे साडेपाचला निघालं तर मानपाड्यालासुद्धा माणसाला आशा वाटते.

"पण इतक्या पहाटे कशाला? तो पार्क दहा-अकराशिवाय उघडत नाही," नानांनी शंका काढली.

त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण घरातला खरा तिढा तोच होता. "सासूबाई यायलाच तयार नव्हत्या. या वयात मला पाळण्यात बसवता का, म्हणाल्या. मग आमच्या लेकीनं नकाशा दाखवला. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर. अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती आणि मध्ये हे. सासूबाई लगेच म्हणाल्या, महड करून जाऊ, मग तुम्ही हवं ते करा."

"हुशार आहे हं तुझी लेक."

"महडला गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येते, म्हणून सासूबाईंना ते जास्त आवडतं. आणि नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय म्हणतात."

नानांनी पेपराची घडी केली. "महडचं देऊळ कुणी बांधलं असं सांगतात, माहितीय का? रामजी महादेव बिवलकर. कल्याणचे सुभेदार. आपला सुभेदार वाडा त्यांचाच. म्हणजे तुम्ही कल्याणातून निघून कल्याणकराच्याच देवळात जाणार. आणि पालीला गेलात तर चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिलेली पोर्तुगिजांची घंटा आहे."

"पाली नको त्याच दिवशी," काकूंनी कात्री लावली. "देवाचंही धड होणार नाही आणि मुलांचंही. महड सकाळी, घाई न करता. आणि वार बघून जा. मंगळवार नको, चतुर्थी नको. संकष्टीला तिथे रांग देवळाबाहेर कुठवर जाईल सांगता येत नाही. कालनिर्णय आण आतून."

कालनिर्णय आला. शनिवार-रविवार आधीच बाद, कारण त्या दिवशी तिकीट महाग आणि प्रत्येक राइडला तास-तास उभं राहायचं. आमची लेक म्हणते, गर्दीचा धडा डिस्नेनं पहिल्याच दिवशी घेतलाय. अमेरिकेत १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं, तर खोटी तिकिटं छापून लोक आत घुसले, पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते, आणि उन्हानं नवं डांबर इतकं मऊ झालं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या.

"अमेरिकेतसुद्धा?" काकूंना मनापासून बरं वाटलं. "मग आपला उद्घाटनाचा दिवस गोंधळाचा झाला की उगाच मनाला लावून घ्यायचं नाही."

बुधवार ठरला. अडचण एकच, बुधवारी चिनूची शाळा उघडलेली.

"बुडव."

"काकू, तुम्ही म्हणताय?"

"मी तीस वर्षं तापाच्या चिठ्ठ्या वाचल्यात. सोमवारी ताप आलेलं पोर मंगळवारी रापून येतं आणि दप्तरात पार्कचा नकाशा सापडतो. ते करू नकोस. सरळ अर्ज लिही, 'कौटुंबिक सहलीसाठी एक दिवस रजा'. कुठल्याही बाईंना खरं कारण वाचायला मिळालं की बरं वाटतं. आणि त्याला सांग, परत आल्यावर राजासॉरसवर वर्गात पाच मिनिटं बोलायचं."

"राजासॉरस? ती पाण्यातली राइड?"

"राइडचं मला माहीत नाही. प्राणी खरा आहे. गुजरातेत रैयोलीला हाडं सापडली, २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस नाव दिलं. नर्मदेच्या खोऱ्यातला, मांस खाणारा. आपल्या देशातला डायनोसॉर. आम्ही मुलांना सगळे अमेरिकेचे डायनोसॉर पाठ करून घेतले आणि आपला कुणाला माहीत नाही. होडीत भिजून पोरं हेच बघणार असतील तर निदान नाव तरी नीट घ्यावं त्याचं."

इथवर नाना तटस्थ होते. म्हणजे येणार नव्हते. त्यांचं ठाम मत असं की सिनेमा थिएटरमध्ये बघायचा, त्याच्यात बसायला जायचं नसतं. "हे सगळं फायबरचं आणि पीओपीचं. खोटं. सिनेमाचं खरं बघायचं तर नितीन देसाईंचा स्टुडिओ होता की वाटेवर, कर्जतकडे. २००५ मध्ये उभा केला. 'जोधा अकबर'चे किल्ले बघून माणूस थक्क व्हायचा. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला कलादिग्दर्शक."

"तो सेटही पीओपीचाच होता," काकू म्हणाल्या.

"असेना. पण त्या माणसाची नजर होती त्यात. 'लगान'चं गाव, 'देवदास'च्या हवेल्या... ऑगस्ट २०२३ मध्ये गेला बिचारा, तिथेच, त्या स्टुडिओत. बातमी वाचली तेव्हा मला जेवण गेलं नाही."

क्षणभर कुणीच बोललं नाही. मी म्हटलं, "आता शासनाच्या चित्रनगरीकडे गेलाय म्हणे तो स्टुडिओ. बघायला मिळतं का ते विचारून ठेवते. पण नाना, इमॅजिकाही एका सिनेमावाल्यानंच उभं केलंय. मनमोहन शेट्टी. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं."

"अ‍ॅडलॅब्जवाले?"

"हो. आधी त्यांची जाहिरातींच्या फिल्म प्रोसेस करायची लॅब, १९७८ ची. म्हणून ते नाव. मग वडाळ्याचं आयमॅक्स, २००१ ला. आणि मग हे. मध्यंतरी पार्क संगमनेरच्या मालपाणींनी घेतलं, २०२२ मध्ये."

"पण शेट्टी म्हणजे..." नाना उठून भिंतीशी आले. पेपर ओट्यावरून खाली पडला, त्यांना कळलं नाही. "अगं, 'अर्धसत्य' त्यांचा! मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर. १९८३. पानवलकरांची 'सूर्य' कथा, तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचं दिग्दर्शन. आणि त्याच्या आधी 'चक्र', जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यात. अमरापूरकरांचा रामा शेट्टी बघून मी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नव्हतो."

"ते दोन दिवस फार बरे गेले," काकू मला म्हणाल्या.

"ज्या माणसानं मराठी कथा-कादंबऱ्यांवर असले सिनेमे काढले, त्यानं हे पाळणे उभे केले? का?"

"पैसे," काकू.

"केवळ पैसे नाहीत गं. 'अर्धसत्य'मधल्या अनंत वेलणकरची गोष्ट लोकांनी बाहेर बसून बघितली. आणि मोगॅम्बोच्या अड्ड्यात शिरायला सगळं खानदान रांगेत उभं राहतं. त्याला कळलं असणार, लोकांना सिनेमात आत जायचं असतं. बाहेर बसून बघण्यात आमच्यासारखे म्हातारे समाधान मानतात." नाना थोडं थांबले. "मी येतो. शेट्टींनी काय केलंय ते एकदा बघतो."

म्हणजे दहा माणसं झाली. काकूंना विचारायचा प्रश्न नव्हता. त्या कालनिर्णय हातात धरून बुधवारवर गोल करत होत्या.

मग राइडची वाटणी सुरू झाली. माझ्या नणंदेची पद्धत, वहीत राइडची यादी करायची आणि एकेक खोडत जायचं. काकूंनी ती वहीच उलटी करायला लावली. "आधी माणसं लिही. माणसापुढे त्याला जमेल ते. राइड लिहून माणसं त्यात कोंबायची नाहीत."

तसं केल्यावर अर्ध्या भानगडी सुटल्या. लेक आणि नणंदेचे मिस्टर, नायट्रो आणि अंधारातला तो डीप स्पेस, दोघांनी पोट रिकामं ठेवून सकाळीच उरकायचं. चिनू मापात बसला तर नायट्रो, नाही तर गोल्ड रश एक्स्प्रेस, तीही कोस्टरच, पण कुटुंबाला झेपेल अशी. सोनूला अलिबाबा, बंदुकीनं चोर टिपायचे, त्याला दुसरं काही नकोच. नवऱ्याची पाठ धरते, त्याला झटके देणारं सगळं वर्ज्य, त्यानं डायनोसॉरच्या होडीचाही विचार सोडावा. सासूबाईंना बीपी. त्यांच्यापुढे लेकीनं 'आय फॉर इंडिया' लिहिलं.

"ते काय असतं?" काकूंनी विचारलं.

"खुर्चीत बसवतात, पट्टा लावतात आणि खुर्चीच उचलतात. पाय लटकत राहतात. समोर भलामोठा गोल पडदा, त्यावर आपला देश वरून दिसतो. डोंगर, नद्या, देवळं. आपण वरून उडत चाललोय असं वाटतं."

"उलटं करत नाहीत ना?"

"नाही हो."

काकू काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या शेवाळाला नखानं उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "विमानात बसलेय मी एकदा. अंदमानला. पंखावरची जागा मिळाली. सगळा वेळ पंखच बघितला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुला पिशव्यांचं का विचारलं सांगू? १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड निघालं. त्यानंतर आमच्या शाळेची सहल बहुतेक तिथेच. लाँचमधून खाडी ओलांडायची, मुलं आधीच किंचाळायला लागलेली. आत गेलं की झाडाखाली एक सतरंजी टाकायची. तिच्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या पिशव्या, डबे, चपला, कुणाचा चष्मा, कुणाचं घड्याळ, कुणाच्या आईनं दिलेले पन्नास रुपये रुमालात बांधलेले. आणि मी. दर वर्षी. मुलं यायची, 'बाई, एकदा बसा ना', म्हणायची. कशी बसू? चाळीस घरचं सामान होतं माझ्याकडे. सर लोक बसायचे. त्यांच्या पिशव्याही माझ्यापाशी."

"मग स्वतःच्या मुलांना घेऊन गेलात तेव्हा?"

"तेव्हा ह्यांच्या पिशव्या." नानांनी खाली पडलेला पेपर शोधायला सुरुवात केली. "महाबळेश्वरला घोडा, राणीच्या बागेत हत्ती, चौपाटीवर पाळणा. कशात बसलेय मी? मला भीती वाटते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. भीती वाटते की नाही हे बघायला तरी बसायला पाहिजे ना कशात?"

हे मी काकूंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आमच्या घरातल्या दिवाळीच्या, लग्नाच्या, सहलीच्या अल्बममध्ये मीही फारशी नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. फोटो काढताना कुणाचा तरी स्वेटर माझ्या हातात होता.

"लॉकर मिळतो तिथे," मी म्हटलं. "भाड्यानं."

"घ्या. त्याच्या पैशाला कुणी नाक मुरडलं तर माझ्याकडे पाठव. एक मोठा लॉकर, त्यात सगळं. बाहेर फक्त एक लहान पिशवी, पाणी, गोळ्या आणि रुमाल. ती पाळीपाळीनं धरायची. वहीत लिही, कुणाकडे कुठल्या राइडला. पाळी चुकवणाऱ्यानं सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं."

पाळी लिहून झाली. खाण्याचा प्रश्न मात्र भिंतीवर बराच तापला. आत घरचे डबे नेता येत नाहीत, हे ऐकून नाना पुन्हा मागे फिरायच्या बेतात होते. धपाटे करायचं काकूंनी मनात धरलेलं. शेवटी ठरलं ते असं. आदल्या संध्याकाळी टिळक चौकातून खिडकी वडा आणायचा, तो निघण्याआधी गरम करून खायचा, म्हणजे गाडीत कुणाची कुरकुर नको. महडला दर्शन झाल्यावर धपाटे आणि दही, गाडीपाशी उभ्यानं. पार्कात शिरण्याआधी खोपोलीत रमाकांतचा वडापाव.

"म्हणजे एका सकाळी दोन वेळा वडा?" मी विचारलं.

"तीन," नाना म्हणाले. "येताना कर्जतवरून येणार ना? दिवाडकर."

दुपारी आतच जेवायचं, तिथे दहा माणसांचं बिल मोठं येणार. ते कुणी भरायचं यावर मी गप्प राहिले, कारण नणंदेच्या मिस्टरांनी कालच 'ते माझ्याकडे' म्हटलंय आणि नवऱ्यानं ते ऐकलं नसल्यासारखं केलंय. अशी वाक्यं भिंतीवर आणायची नसतात. तरी मी आणली. काकू म्हणाल्या, भरू दे त्यांना, जावई आहेत, वर्षातनं एकदा येतात, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नाशिकला गेलात की तुम्ही भरा.

वॉटर पार्कचं सोनूनं मधेच काढलं. २०१४ पासून तिथे वॉटर पार्कही आहे, वेगळं, वेगळ्या तिकिटाचं. एका दिवसात दोन्ही उरकायचं म्हणजे सगळ्यांची दमछाक, आणि त्यात पाण्यात उतरायला नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. काकूंनी माझ्या साडीकडे बघितलं, स्वतःच्या साडीकडे बघितलं आणि तो विषय पुढच्या वर्षावर ढकलला. "पण बुधवारी साडी नको हं. पाय लटकवायचे तर सलवार-कमीज. सासूबाईंनाही सांग. नऊवारी त्या पट्ट्यात कशी बसायची?"

"त्या ऐकणार नाहीत."

"माझं नाव सांग. आणि महडला जाताना पदर घेता येईल अशी ओढणी बरोबर ठेवायला सांग, म्हणजे देवाच्या बाजूनंही तक्रार नाही."

आतून नणंदेची हाक आली. कढीला फोडणी द्यायची होती आणि कढीपत्ता अर्धा माझ्या मुठीत चुरगळलेला. तरी एक गोष्ट राहिलीच होती.

"काकू, आय फॉर इंडियाला सासूबाई, तुम्ही आणि मी बसणार. त्या वेळी लहान पिशवीची पाळी कुणाची लिहू?"

"ह्यांची."

"माझी?" नाना म्हणाले. "मग मिस्टर इंडियाला?"

"तेव्हा जावयांची. त्यांना अजून कळलेलं नाही, एवढंच. आणि ऐक, तिकिटं ऑनलाइन काढताना माझं आणि ह्यांचं ज्येष्ठ नागरिकांचं काढ, पैसे आत्ता घेऊन जा. तिथल्या खिडकीशी कुणी माझं वय विचारलं तर मी खरं सांगणार. त्या 'बी' विंगवाल्यांसारखं मला वाकायचंही नाही आणि ताठही व्हायचं नाही."